फायरथॉर्न घाटावर आणि घाटाखाली

फायरथॉर्न हे गुलाबाच्या कुळातले सदाहरित, काटेरी झुडूप. पांढऱ्या फुलांचे झुबके आणि त्यामागून येणारी, झाडावर बराच काळ टिकणारी लाल-केशरी फळे ही त्याची ओळख. पान मुळातच लहान आणि फळ वाटाण्याएवढे, म्हणून हातभर उंचीच्या बोन्सायवरही ती बेढब दिसत नाहीत. दक्षिण युरोपापासून चीनपर्यंत त्याच्या जाती आढळतात. आपल्या हिमालयातल्या जातीला कुमाऊंमध्ये घिंघारू म्हणतात.

बुलढाणा जिल्ह्यात या झाडाला उन्हापेक्षा पाण्याचा धोका मोठा. उन्हावर उपाय सोपा आहे: सकाळचे ऊन द्यावे, दुपारी हिरवी जाळी बांधावी आणि कुंडी तापलेल्या स्लॅबवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवावी. उथळ कुंडीतली माती झपाट्याने सुकते, म्हणून मे महिन्यात दिवसातून दोन वेळा पाणी लागते. घाटावर बुलढाणा-चिखलीकडे रात्री गारवा मिळतो. घाटाखाली तोही नाही.

पाण्याचा प्रश्न मात्र जाळीने सुटत नाही. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतला मोठा भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथले बोअरचे पाणी कुंडीत घातले की पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. जमिनीतल्या झाडाची मुळे दूर पसरू शकतात. बोन्सायच्या मुळांना वीतभर मातीतच राहावे लागते. आधी पानांच्या कडा करपतात, मग शेंडे वाळतात. ही उन्हाची झळ समजून आणखी तेच पाणी घातले, की रोग वाढतो. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची काटकसरही इथे घातक, कारण त्यात क्षार अधिकच दाट असतात. पावसाळ्यात पन्हळीचे पाणी टाकीत साठवावे आणि अधूनमधून ते तळाच्या भोकांतून वाहून जाईपर्यंत कुंडीत सोडावे. एवढी सोय नसेल तर हे झाड आणूच नये.

शेतातली काळी माती कपाशीला उत्तम, बोन्सायला वाईट. ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते आणि बारीक मुळे तोडते. चाळून धूळ काढलेला मुरूम आणि विटांचे बारीक तुकडे निम्म्याहून जास्त घ्यावेत. उरलेल्या भागात पोयटा आणि पूर्ण कुजलेले शेणखत. कोवळ्या झाडाची कुंडी दर दोन वर्षांनी, नवी पालवी फुटण्याआधी बदलावी. फायरथॉर्नला मुळांशी केलेली छेडछाड सोसत नाही, तेव्हा एका वेळी थोडीच मुळे छाटावीत.

फुले येतात ती मागच्या वर्षीच्या फांद्यांवर. सरसकट छाटणी केली की त्या वर्षीची फुले गेली आणि फळेही. म्हणून मोठी छाटणी फुलोरा ओसरल्यावर, तीही फळे धरलेले झुबके राखून करावी. तार गुंडाळायची ती कोवळ्या फांद्यांनाच. जून फांदी वाकत नाही, कडकन मोडते. तार सालीत रुतण्याआधी काढावी. हातमोजे घातल्याशिवाय या झाडाला हात लावू नये. मावा आणि खवले कीड दिसली तर कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करावी.

एवढा खटाटोप परप्रांतीय झुडपासाठी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. करवंदही सदाहरित आणि काटेरी, त्यालाही पांढरी फुले आणि फळांचे घोस येतात, आणि दख्खनचा उन्हाळा त्याच्या अंगवळणी पडलेला आहे. लाल फळांचा हट्ट नसेल तर घाटाखालच्या गच्चीवर करवंदच शोभेल. रोप मात्र रोपवाटिकेतून घ्यावे किंवा बियांपासून वाढवावे. ज्ञानगंगा वा अंबाबरवा अभयारण्यातले जुने खोड उपटून आणणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.