गोल्फच्या मैदानावर नवख्या स्त्रियांसाठी जागा

कमी-जास्त सरावाच्या, कमी-जास्त ताकदीच्या दोन खेळाडूंना बरोबरीने खेळता यावे, अशी सोय गोल्फच्या नियमांतच आहे. तिला हँडिकॅप म्हणतात. खेळाडूच्या कुवतीनुसार तिला काही फटक्यांची सवलत मिळते आणि ती वजा करून निकाल लागतो. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू झाली. तिच्यात स्त्री-पुरुष दोघांसाठी कमाल मर्यादा ५४ आहे, म्हणजे अठरा होलच्या खेळात दर होलमागे तीन जादा फटके. परवा शिकू लागलेली स्त्री मुरलेल्या खेळाडूबरोबर चुरशीचा सामना खेळू शकेल, इतका हा नियम उदार आहे. तरीही पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक स्त्रिया मैदानाबाहेर राहिल्या. खेळाने त्यांना अडवले नव्हते. अडवले ते क्लबांच्या घटनांनी, वेळापत्रकांनी, पोशाखाच्या पाट्यांनी आणि मैदानांच्या मापांनी.

क्लबांच्या दारांची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनलने २०१२ मध्ये कोंडोलिझा राइस आणि डार्ला मूर या पहिल्या दोन महिला सभासद घेतल्या. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबने तसा ठराव २०१४ मध्ये केला. म्युरफिल्डने २०१६ मध्ये नकार दिला, तेव्हा ‘द ओपन’ स्पर्धेच्या यजमानांच्या यादीतून त्याचे नाव वगळले गेले. पुढच्याच वर्षी क्लबने पुन्हा मतदान घेऊन निर्णय फिरवला. या बातम्या मोठ्या झाल्या, पण नवशिकीच्या दृष्टीने अधिक जाचक होत्या त्या साध्या क्लबांतल्या लहान अटी. ब्रिटनमधील अनेक क्लबांत स्त्रियांना दुय्यम सभासदत्व मिळे, सभेत मत नसे आणि शनिवारची सकाळ पुरुषांसाठी राखीव असे. आठवडाभर नोकरी करणाऱ्या स्त्रीला शनिवार नाकारणे म्हणजे खेळच नाकारणे होते. २०१० च्या समानता कायद्याने मिश्र क्लबांतला हा भेद बेकायदा ठरवला.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांपुढे अडथळा दुहेरी होता, आणि त्यांनी शोधलेली वाट आजही सर्वांत शिकण्यासारखी आहे. १९३७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये हेलन वेब हॅरिस या शिक्षिकेच्या घरी तेरा स्त्रिया जमल्या आणि ‘वेक रॉबिन गोल्फ क्लब’ स्थापन झाला. त्यांचे पती गोल्फ खेळत. यांनाही खेळायचे होते. शहरातली चांगली सार्वजनिक मैदाने गोऱ्यांसाठी होती. या स्त्रियांनी अमेरिकेचे अंतर्गत खात्याचे मंत्री हॅरल्ड इक्स यांच्याकडे अर्ज-विनंत्या केल्या. १९३९ मध्ये अॅनाकोस्टिया नदीकाठच्या जुन्या कचराभूमीवर लँगस्टन हे नऊ होलचे मैदान सुरू झाले आणि १९४१ मध्ये इक्स यांनी राजधानीतली सार्वजनिक मैदाने सर्वांना खुली केली. एकट्या स्त्रीने मागितले असते तर जे मिळाले नसते, ते संघटित मागणीने मिळाले.

विम्बल्डन दोनदा जिंकलेली अल्थिया गिब्सन १९६४ मध्ये महिला व्यावसायिक गोल्फ दौऱ्यावर आली, तेव्हा काही क्लबांनी तिला कपडे बदलण्याच्या खोलीतही येऊ दिले नाही. बूट तिने मोटारीत बसून बदलले. तिच्यामागोमाग १९६७ मध्ये आलेली रेनी पॉवेल ओहायोतल्या क्लिअरव्ह्यू मैदानावर वाढली. महायुद्धातून परतलेल्या तिच्या वडिलांनी, विल्यम पॉवेल यांनी, ते मैदान १९४६ पासून स्वतःच्या हातांनी उभे केले होते. त्याच मैदानावर पुढे रेनीने माजी सैनिक स्त्रियांसाठी गोल्फचा वर्ग सुरू केला. ज्यांना प्रवेश नाकारला गेला, त्यांनीच उत्तम प्रवेशद्वारे बांधली, हे या इतिहासात वारंवार दिसते.

दार उघडल्यावरही मैदानाचे माप उरते, आणि या मुद्द्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. प्रत्येक होलची सुरुवात ‘टी’ या जागेवरून होते. हौशी पुरुषाचा सर्वांत लांब फटका साधारण २१५ यार्ड जातो, हौशी स्त्रीचा साधारण १५०. ३६० यार्डांच्या, चार फटक्यांत पूर्ण व्हावा अशा होलवर पुरुषाला पहिल्या फटक्यानंतर १४५ यार्ड उरतात. दुसऱ्या फटक्यात तो ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पोहोचू शकतो. स्त्रियांसाठीची लाल टी चाळीस यार्ड पुढे ठेवली, तरी तिला १७० यार्ड उरतात आणि तेवढ्या लांब जाणारी एकही स्टिक तिच्या पिशवीत नसते. खरी बरोबरी हवी असेल तर तो होल तिच्यासाठी २५० यार्डांचाच हवा. याच हिशेबाने पुरुषांच्या ६,३०० यार्डांच्या मैदानाला स्त्रीसाठी सुमारे ४,४०० यार्डांचा जोड लागतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी लाल टीवरूनही ५,००० यार्डांहून अधिक अंतर असते. मागून येणारी मंडळी खोळंबतात आणि नवशिकी स्वतःलाच दोष देते, खरे तर दोष मैदान आखणाऱ्याचा असतो.

उपाय खर्चिक नाही. फेअरवेवरच, म्हणजे टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या गवतावर, पुढे एक सपाट जागा कापून तिथे खुणा रोवल्या की नवी टी तयार होते. टीला ‘बायकांची’ म्हणण्याऐवजी क्रमांक द्यावा आणि फटक्याच्या लांबीप्रमाणे ती निवडायला सांगावे. वयस्क पुरुष आणि मुलेही मग संकोच न करता तिथून खेळतात. अगदी नव्या खेळाडूला पहिले काही आठवडे ग्रीनपासून १५० यार्डांवरून सुरुवात करू दिली तरी चालते.

शिकवण्याची रीतही बदलावी लागते. अमेरिकेत १९९१ मध्ये नोकरदार स्त्रियांसाठी सुरू झालेल्या गोल्फ संघटनेने संध्याकाळचे वर्ग आणि नऊ होलचे सामने भरवले. घोळक्याने शिकल्यावर चुकलेल्या फटक्याची लाज निम्मी होते. चौघींनी प्रत्येक वेळी सर्वांत चांगल्या चेंडूच्या जागेवरूनच पुढचा फटका मारायचा, हा ‘स्क्रॅम्बल’ प्रकार नवख्यांना फार मानवतो. वर्ग संपल्यावरचा पहिला महिना मात्र नाजूक असतो. सराव-रेंजवर चेंडू नीट लागू लागलेल्या स्त्रीला प्रत्यक्ष मैदानावर कुठे उभे राहायचे, ग्रीनवर कुणाच्या रेषेत पाय द्यायचा नाही, हे कुणी सांगितलेले नसते. सोबतीला एखादी अनुभवी खेळाडू दिली की गळती थांबते.

पोशाखाचा नियम असाच तपासून घ्यावा. कॉलरचा शर्ट आणि ठरावीक मापाचा स्कर्ट यांचा चेंडूच्या उड्डाणाशी संबंध नाही. ब्रिटनमधील मुस्लिम गोल्फ असोसिएशनच्या केवळ स्त्रियांसाठीच्या परिचय-सत्रांत हिजाब घातलेल्या स्त्रिया निर्धास्त खेळल्या.

भारतात मुख्य अडचण मैदानापर्यंत पोहोचण्याची आहे. बहुतेक मैदाने खासगी क्लबांची किंवा लष्कराची, आणि सभासदत्व महाग. अदिती अशोकच्या घरी कुणी गोल्फ खेळत नव्हते; बंगळूरमध्ये मैदानाशेजारच्या उपाहारगृहातून तिने लहानपणी हा खेळ पाहिला आणि पालकांनी तिला आत नेले. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली, तेव्हा तिची कॅडी, म्हणजे स्टिकची पिशवी वाहणारी सोबतीण, तिची आई होती. जन्मतः ऐकू न येणाऱ्या दीक्षा डागरला लष्करी अधिकारी असलेल्या वडिलांनी शिकवले आणि तिने २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील महिला ओपन जिंकली. दोघींनाही घरून हात मिळाला. तसा हात नसलेल्या मुलीला पैसे भरून दिवसापुरते खेळता येईल असे सार्वजनिक मैदानच लागते. महाराष्ट्रात सिडकोने खारघरच्या डोंगरांत असे मैदान उभारले आहे. अशा ठिकाणी स्टिकचा संच भाड्याने मिळणे, नऊ होलचे वेगळे शुल्क असणे, मराठीत शिकवणारी प्रशिक्षक असणे आणि स्टेशनपासून बसची सोय असणे, या चार गोष्टींवर तिचे येणे-न येणे ठरते.