अनुदिनी आणि विचारस्वातंत्र्य

हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचे जन्मगाव खेड आज राजगुरुनगर या नावाने ओळखले जाते. ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी २३ मार्च १९३१ रोजी प्राणार्पण केले, त्यात निर्भयपणे मत मांडण्याचे स्वातंत्र्यही अंतर्भूत आहे.

कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढले, तेव्हा छपाईसाठी भांडवल उभारावे लागे. आज ‘ब्लॉग’ म्हणजेच अनुदिनीमुळे खेड्यातील शिक्षक वा शेतकरीही पाणी, रस्ते, शाळा यांविषयीचे आपले म्हणणे दूरवर पोहोचवू शकतो.

२०१२ मध्ये पालघर येथील दोन तरुणींना समाजमाध्यमावरील मजकुरावरून अटक झाली. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविले. त्याखाली कोणावरही खटला चालवू नये, असे २०२२ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावले. टीका केवळ त्रासदायक वाटली म्हणून ती गुन्हा ठरत नाही. बदनामी वा हिंसेस चिथावणी यांवर मात्र संविधानाच्या अनुच्छेद १९ (२) नुसार कायद्याने निर्बंध घालता येतात.

म्हणून अशा लेखनात तक्रार आढळल्यास ग्रामपंचायतीने तिची शहानिशा करून ग्रामसभेत उत्तर द्यावे. लोकशाहीस तेच शोभून दिसते.