डोंगर त्रिकोणी नसतो

तिसरी-चौथीतल्या कोणत्याही मुलाला ‘निसर्गचित्र काढ’ म्हणून सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, तिथूनच निघालेली नदी, एक झोपडी, नारळाचे झाड आणि चारच्या आकड्याचे पक्षी! नंदुरबार असो की नागपूर, चित्र तेच.

आता शहादा-तळोद्याकडून खरा सातपुडा पाहा. तो उत्तरेला आहे. त्याच्याकडे तोंड करून बसलात, तर सूर्य उजव्या हाताला उगवतो आणि डाव्या हाताला मावळतो. डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेले, म्हणून पायऱ्यापायऱ्यांचे, कित्येक ठिकाणी माथ्याशी सपाट. नारळ शोधावा लागेल. मोह मात्र दाराशी उभा असतो.

बँकेत असताना पीककर्जाच्या पाहणीला जावे लागे. अर्जात काय लिहिले आहे ते बाजूला ठेवून आधी बांधावर उभे राहायचे, हा आमचा धडा. निवृत्तीनंतर सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन बसू लागलो, तेव्हा तोच कामी आला. पहिली पंधरा मिनिटे पेन्सिल पिशवीत. जुन्या लग्नपत्रिकेला चौकोनी खिडकी पाडायची आणि तिच्यातून पाहायचे. मग मी फक्त विचारतो. सर्वांत फिकट डोंगर कोणता? तो निळा का दिसतो? सावली कोणत्या बाजूला पडली? हिरवे किती प्रकारचे? लहान मुलांचे खोडू नये. विचारले की ती पुन्हा पाहतात.

एका मुलीने कागदाचा खालचा अर्धा भाग लालभडक रंगवला. बाकीची हसली, ‘जमीन अशी असते का?’ तिने नुसते बोट दाखवले. समोर पथारीवर मिरची वाळत होती! मिरचीच्या या मुलखात तिच्याइतके खरे चित्र त्या दिवशी कोणाचेच नव्हते.

पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि तोच परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. आपल्या मुलांनी एकच टेकडी भाद्रपदात आणि चैत्रात काढली, तरी पुष्कळ झाले.

शासकीय रेखाकला परीक्षांत ‘स्मरणचित्र’ असते. पण आधी पाहिलेच नाही, तर स्मरण कशाचे? हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात नुसता गुणांचा नाही. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडितात आली. २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीच्या त्या धरणाचे दरवाजे बंद झाले. तिथल्या आजोबांच्या आठवणीत नर्मदा खळाळत वाहते. नातवाच्या डोळ्यांपुढे पाणी उभे आहे. त्याने ते उभे पाणीच काढावे, आहे तसे. मग दुसरा कागद घेऊन आजोबांजवळ बसावे आणि विचारावे, शेत कुठे होते, वाट कुठून उतरायची, काठावर झाडे कोणती होती. ती चित्रे छापील नमुन्यात मिळणार नाहीत. ती काढणारा हात त्याच घरात आहे. त्याला फक्त पाहायला शिकवायचे आहे.