स्कूटरवरचा पादचारी

आपल्याकडे स्कूटर म्हटलं की बसायची. अमेरिकेत २०१७ पासून शहरांत भाड्याने मिळू लागलेली ई-स्कूटर मात्र उभं राहून चालवायची फळी. तिथल्या रुग्णालयांत दुखापतींची नोंद आयसीडी-१०-सीएम या संकेतांकांनी होते, आणि या फळीला त्यात सुरुवातीला जागाच नव्हती. स्वतंत्र संकेतांक मिळाले १ ऑक्टोबर २०२० पासून. व्ही००.८४१ म्हणजे स्कूटरवरून पडणं, व्ही००.८४२ म्हणजे खांबासारख्या स्थिर वस्तूवर आदळणं आणि व्ही००.०३१ म्हणजे स्कूटरवाल्याने पायी जाणाऱ्याला धडक देणं. रस्त्यावर मोटारीने स्कूटरवाल्याला उडवलं, तर व्ही०३.१३१. गंमत अशी, की या वर्गीकरणात स्कूटरवर उभा असलेलाही ‘पादचारी’च! बसायच्या स्कूटरवरचा मोटारसायकलस्वारांत मोडतो.

हे संकेतांक फक्त कारण सांगतात. मनगटाचं हाड मोडलं, तर त्या अस्थिभंगाचा संकेतांक आधी, कारण नंतर. कारणाच्या संकेतांकाच्या शेवटी एक अक्षर जोडतात: ए म्हणजे प्रत्यक्ष उपचार सुरू, डी म्हणजे बरं होण्याच्या काळातली तपासणी, एस म्हणजे मागे राहिलेला परिणाम. ‘ए’ म्हणजे पहिलीच भेट, हा समज चुकीचा.

घोडं अडतं ते केसपेपरवर. डॉक्टरांनी नुसतं ‘स्कूटरवरून पडला’ लिहिलं, तर उभं राहायची की बसायची, विजेची की पायाने ढकलायची, काहीच कळत नाही. संकेतांक देणाऱ्याला अंदाज बांधायची मुभा नसते. म्हणून रुग्णाला तिथेच विचारायचं: कशावर होतात, कशाला धडकलात, रस्त्यावर की आवारात?