सुपेल्याचा रविवारचा बाजार आणि जुनी वस्त्रे

सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाल्यापासून नाना प्रांतांतील कुटुंबे जेथे येऊन वसली, त्या भिलाईत अल्प खर्चात नेटके राहू इच्छिणाऱ्याने सुपेल्याचा रविवारचा बाजार अवश्य धुंडाळावा. बोहारणीला भांड्याच्या मोबदल्यात दिलेली वस्त्रे दुरुस्त होऊन पुन्हा विक्रीस येतात, हा व्यवहार आपल्या परिचयाचाच आहे. जुन्या कपड्यांचा ढीग आढळला, की दराची घासाघीस करण्यापूर्वी कोट उलटा करून अस्तराची शिवण, काख आणि कॉलर यांची उजेडात खातरजमा करावी. कारण तुटलेले बटण सहज बदलता येते, परंतु काखेत विरलेले कापड कुशल शिंप्यालाही पूर्ववत करता येत नाही. माझ्या मते लोकरी कोट हाच सर्वांत किफायतशीर जिन्नस. खांदे मापाला बसले, की बाह्या आखूड करून घेता येतात. कसर लागलेले वस्त्र मात्र, कितीही मनोहर असो, घेऊ नये.