तबकडींतील रंगभूमि

नाटक पाहिल्यावांचून नाट्यपदाची तबकडी ऐकण्यांत अर्थ काय, असें कित्येक विचारतात. वऱ्हाडकरांस याचें उत्तर घराजवळच सांपडेल. 'रणदुंदुभि' हें नाटक अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांचें. १९२७ सालीं तें बळवंत संगीत मंडळीनें रंगभूमीवर आणलें. चाली वझेबुवांच्या आणि गळा मास्तर दीनानाथ मंगेशकरांचा.

रंगभूमीवर 'वन्स मोअर' मिळाला कीं गवई तेंच पद नव्या अंगानें रंगवी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस मात्र सुमारें तीनच मिनिटें मिळत. आलाप आंखडावा लागे, ताना निवडाव्या लागत. म्हणून तबकडी हें प्रयोगाचें चित्र नव्हे, सार होय. दीनानाथांची तान विजेसारखी चमकून जाते. तरी पारतंत्र्याची चीड शब्दांतून हरपत नाहीं.

दीनानाथ १९४२ सालीं निवर्तले. त्यांच्या गायकीचा ठसा ज्यांच्यावर खोल उमटला, ते वसंतराव देशपांडे १९२० सालीं अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूरचे. १९६७ सालीं 'कट्यार काळजांत घुसली' या नाटकांतील खांसाहेब त्यांनींच उभे केले. नटाबरोबर प्रयोग संपतो. पुढच्या पिढीच्या कानांस उरते ती तबकडीच.

परंतु ती लाखेची. पडली कीं फुटली. घरांतील जुनी पेटी भंगारांत देण्यापूर्वीं तबकड्यांवरील नांवें एकवार वाचावींत. त्यांत दीनानाथ सांपडले, तर आधीं नाटकांतील तो प्रसंग वाचावा आणि मगच सुई ठेवावी. तीन मिनिटें तेव्हां अपुरीं वाटणार नाहींत.