दोन सुट्ट्या, एकच हिशेब

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, हे आपण कौतुकाने सांगतो. त्याच यादीतल्या आणखी दोन सुट्ट्यांविषयी मराठीत फारसे कोणी बोलत नाही. १ फेब्रुवारी हा गुलामगिरी संपल्याचा दिवस, सन १८३५. २ नोव्हेंबर हा हिंदुस्थानातले गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले मजूर बेटावर उतरल्याचा, सन १८३४. पहिल्याचा सोहळा ल मोर्नच्या डोंगराशी होतो, दुसऱ्याचा पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर. एक दिवस गुलामांच्या वंशातल्या क्रिओलांचा, दुसरा भारतीय वंशाच्या लोकांचा, अशी वाटणी मनोमन होऊन बसली आहे. साहजिकच, प्रत्येक समाजाला एकेक सुट्टी देऊन गप्प बसवायचे हे राजकारण, असा आक्षेप घेता येतो. तो अगदीच पोकळ नाही. पण खोट आहे ती वाटणीत, आणि सुट्टी रद्द करून ती निघणार नाही.

तारखाच पाहा. मजूर आधी आले, गुलामगिरी त्यानंतर तीन महिन्यांनी संपली. ‘अ‍ॅटलास’ जहाजातून ३६ जण उतरले तेव्हा मळेवाल्यांना पुढचे दिसू लागले होते. ब्रिटिश संसदेने १८३३ च्या कायद्याबरोबर २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली होती, आणि ती मालकांना. मॉरिशसच्या मालकांच्या पदरात त्यातले २० लाखांहून अधिक पौंड पडले. ज्या ६० हजारांहून अधिक माणसांची ही किंमत होती, त्यांना छदामही मिळाला नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली १८३९ पर्यंत त्यांना जुन्याच धन्याकडे राबावे लागले. (जन्म उसात गेलेल्या माणसाने कसली उमेदवारी करायची, ते कायदा करणारेच जाणोत.) ती संपताच बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली आणि त्यांच्या जागी गिरमिटिया भरले गेले, मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसेही त्यांत होती. गिरमिट म्हणजे गुलामगिरी नव्हे, हे मान्यच करायला हवे: माणूस विकता येत नव्हता, मुदत होती, मजुरी ठरलेली होती. तरीही एका दिवसाच्या खाड्याला दोन दिवसांची मजुरी कापणारा ‘डबल कट’ होता, आणि करार संपलेल्या मजुरालाही पास बाळगल्याशिवाय फिरता येत नसे. मळे तेच होते, मालकही बरेचसे तेच. मग पहिल्या सुट्टीचा इतिहास ‘त्यांचा’ आणि दुसरीचा ‘आपला’ कसा? त्यातून फ्रेंच अमदानीत मॉरिशसला नेलेल्या गुलामांत मादागास्कर आणि मोझांबिकच्या लोकांबरोबर हिंदुस्थानातले लोकही होते, त्यामुळे वंशाची रेघसुद्धा सरळ ओढता येत नाही.

सुट्टी सर्वांची नसली की काय होते, ते शेजारच्या रियुनियनमध्ये दिसते. तिथे २० डिसेंबरला गुलामगिरी संपल्याची सुट्टी असते. फ्रान्सने १९८३ साली आपल्या सागरापारच्या प्रदेशांना अशा तारखा दिल्या. खुद्द फ्रान्समध्ये २००६ पासून १० मे रोजी स्मरण होते, पण कामाला खाडा नाही. गुलामांच्या वंशजांनी आठवण ठेवायची आणि मालकांच्या राजधानीने कचेरीत जायचे, असा हा प्रकार. सुट्टी निव्वळ देखाव्याची असते म्हणणाऱ्यांनी जमैकाकडे पाहावे. १९६२ साली स्वातंत्र्य मिळताच तिथे १ ऑगस्टची मुक्तिदिनाची सुट्टी मोडून स्वातंत्र्यदिनाला जागा दिली गेली. १९९७ साली ती परत आणावी लागली. नवे राष्ट्रसुद्धा आपल्या आधीचा इतिहास किती सहज बाजूला सारते, हे त्यातून कळते.

सुट्टीने मळ्यांत राबलेल्यांच्या वंशजांना जमीन मिळत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि लोक त्या दिवशी समुद्रावर जातात हेही खरे. (जावेत, दिवाळीलाही सगळे पूजाच करत बसत नाहीत.) पण सुट्टीमुळे सरकारला दरवर्षी एका ठरल्या दिवशी लोकांसमोर उभे राहून बोलावे लागते, आणि त्याच वेळी जमिनीचा प्रश्न विचारता येतो. मॉरिशसच्या सत्य व न्याय आयोगाने २०११ च्या अहवालात गुलामगिरी आणि गिरमिट यांची चौकशी एकत्रच मांडली. सोहळे अजून वेगळे आहेत. ल मोर्नला मराठी मंडळांनी जावे, आप्रवासी घाटावर क्रिओल संघटनांना बोलवावे, आणि दोन्हीकडे भरपाईचा आकडा वाचून दाखवावा. मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवली जाते. तिथला २ नोव्हेंबरचा धडा १ फेब्रुवारीपासून सुरू करायला नवा कायदा लागत नाही.